स्नायूंचा ताठरपणा कसा ओळखावा आणि चिनी पारंपरिक वैद्यकाची मदत कशी घ्यावी

मान अवघडणे, पाठीत उसण भरणे, रात्री पोटरीत गोळा येणे, पक्षाघातानंतर हात आखडणे आणि कंपवातात अंग ताठ होणे, या पाचही तक्रारी सांगताना आपण ‘स्नायू ताठ झाले’ असेच म्हणतो. कारणे मात्र निरनिराळी असतात. पहिल्या तीन तक्रारींत बिघाड बहुधा स्नायूत किंवा त्याच्या लगतच्या मज्जातंतूत असतो. शेवटच्या दोहोंत तो मेंदूत असतो. चिनी पारंपरिक वैद्यकाचा उपयोग करून घ्यायचा असेल तर ही विभागणी आधी करावी लागते. पहिल्या गटातील रुग्णाला बिंदूंवरचा, म्हणजे या वैद्यकाने शरीरावर ठरवलेल्या जागांवरचा दाब, शेक आणि हालचाल यांनी घरच्या घरीही पुष्कळ आराम मिळू शकतो. दुसऱ्या गटातील रुग्णाने मात्र नुसती मालिश करून घेण्यात महिने घालवले, तर मूळ आजाराचे निदान तेवढे लांबते.

ताठरपणा कोणत्या जातीचा आहे

स्नायू आकसतो तेव्हा त्याच्या पेशीत कॅल्शियम मोकळे होते आणि ॲक्टिन व मायोसिन ही प्रथिने एकमेकांवर सरकतात. तो सैल पडण्यासाठी हे कॅल्शियम पुन्हा पेशीतील कोशात ओढून घ्यावे लागते, आणि त्या कामालाही ऊर्जा खर्च होते. थकवा, थंडी, तासन्‌तास एकाच स्थितीत बसणे यांमुळे स्नायूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा मंदावला की तो भाग नीट सैलावत नाही आणि बोटाला लागणारी दुखरी गाठ तयार होते, असे मानले जाते. याखेरीज मणक्याच्या सांध्याला किंवा चकतीला इजा झाली की आसपासचे स्नायू त्या जागेची हालचाल रोखण्यासाठी स्वतःहून घट्ट होतात. उसण भरलेल्या पाठीत पुष्कळदा हेच घडलेले असते. अशा वेळी जोर लावून पाठ ‘मोकळी’ करण्याचा प्रयत्न केल्यास ती अधिकच आवळते.

मेंदूशी निगडित ताठरपणा तपासण्याची रीत सोपी आहे आणि घरातील कोणालाही ती करून पाहता येते. रुग्णाला उताणे झोपवून हात पूर्ण सैल सोडायला सांगावे. एका हाताने त्याचे कोपर आधाराला धरावे, दुसऱ्या हाताने मनगट धरून कोपर आधी अगदी सावकाश आणि मग झटकन दुमडावे व सरळ करावे. सावकाश हलवताना हात सहज हलतो, पण झटकन हलवताच मध्येच अडतो आणि एकदम सुटतो, असे दिसले तर तो पक्षाघातानंतर येणारा आखडलेपणा असतो. वेग कोणताही असला तरी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच विरोध जाणवत असेल, किंवा दातेरी चाक फिरवावे तसा हात टप्प्याटप्प्याने अडत सरकत असेल, तर कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा विचार करावा लागतो. हा फरक सूक्ष्म असला तर रुग्णाला दुसऱ्या हाताची मूठ उघड-मीट करायला सांगून तपासणी पुन्हा करावी; दडलेला ताठरपणा त्या वेळी स्पष्ट होतो. ही चाचणी निदान नव्हे. मेंदूविकारतज्ज्ञाकडे जायला हवे की नको, एवढे ठरवण्यासाठी ती आहे.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. कंपवाताची सुरुवात दर वेळी हात थरथरण्याने होत नाही. एका बाजूचा खांदा जखडणे हेच काही रुग्णांत पहिले लक्षण असते, आणि अशा माणसाला ‘फ्रोझन शोल्डर’ समजून दीर्घकाळ शेक व मालिश मिळत राहते. खांद्याच्या दुखण्याबरोबर चालताना त्या बाजूचा हात हलेनासा झाला असेल, अक्षर बारीक होत चालले असेल, वास कमी येत असेल किंवा बद्धकोष्ठता जडली असेल, तर खांद्यावर दाब देणाऱ्याने दाब थांबवून रुग्णाला तपासणीसाठी पाठवावे.

पहाटे सुरू होणारा, अर्ध्या तासाहून अधिक टिकणारा आणि हालचालीने कमी होणारा पाठीचा ताठरपणा तरुण वयात असेल तर तो मणक्याच्या संधिवाताचा असू शकतो. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे व दोन्ही मांड्या एकाच वेळी जखडल्या असतील तर रक्ततपासणी करून घ्यावी. थायरॉइडची कमतरता, कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या आणि मानसिक आजारांवरील काही औषधे यांमुळेही स्नायू दुखतात किंवा ताठ होतात, म्हणून चालू असलेल्या गोळ्यांची यादी तपासणाऱ्यासमोर असायला हवी.

ताप व तीव्र डोकेदुखीसह मान ताठ होणे, जखमेनंतर जबडा उघडेनासा होणे, मानसिक आजाराची औषधे चालू असताना तीव्र ताप येऊन अंग लाकडासारखे होणे, अचानक एका बाजूची शक्ती जाणे, पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, या परिस्थितींत कोणताही बिंदू न शोधता थेट रुग्णालय गाठावे. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम व लाल झाली असेल, तर रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तिथे चोळणे धोक्याचे असते.

चिनी वैद्यक याकडे कसे पाहते

‘ह्वांगदी नेइजिंग’ या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रंथात अचानक येणाऱ्या ताठरपणाचा संबंध वाऱ्याशी आणि मान ताठरण्याचा संबंध ओलाव्याशी जोडला आहे. वारा, थंडी आणि ओलावा हे तिन्ही एकत्र येऊन शरीरात शिरले की ‘बी’ नावाचा अडथळा तयार होतो, दुखणे आणि जखडणे त्यातून येते, अशी त्याची मांडणी आहे. दुसरे सूत्र असे की शिरा, कंडरा व स्नायूंची लवचीकता यकृताच्या ताब्यात असते आणि यकृतातील रक्त कमी पडले की त्या कोरड्या पडून आकसतात. येथे ‘यकृत’ म्हणजे लिव्हर फंक्शन टेस्टमध्ये मोजला जाणारा अवयव नव्हे. रक्त साठवणे, भावनांचा प्रवाह मोकळा ठेवणे आणि कंडरांना पोसणे या कार्यांच्या समूहाला दिलेले ते नाव आहे. ज्यांना आयुर्वेदातील वाताची कल्पना परिचित आहे त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही, मात्र दोन्ही शास्त्रांतील संज्ञा एकास एक जुळत नाहीत.

उपचार करणारा वैद्य या सूत्रांवरून रुग्णाची वर्गवारी करतो. पावसाळ्यात वाढणारे, जड वाटणारे आणि शेकल्याने बरे वाटणारे दुखणे थंडी-ओलाव्याचे. मार लागल्यानंतर एकाच जागी टोचणारे, रात्री वाढणारे दुखणे रक्त साकळल्याचे. चिडचिड व ताणाबरोबर खांदे वर ओढले जाणे यकृताच्या प्रवाहात अडथळा आल्याचे. आणि फिकट चेहरा, कोरडी त्वचा, रात्रीचे पेटके ही रक्त कमी पडल्याची लक्षणे मानली जातात. जीभ आणि नाडी पाहून वैद्य हा निर्णय पक्का करतो. पहिल्या प्रकारात ऊब द्यायची, दुसऱ्यात रक्त हलवायचे, तिसऱ्यात दूरचे बिंदू दाबून ताण सोडवायचा आणि चौथ्यात पोषण करायचे, असा पुढचा मार्ग ठरतो. एकाच तक्रारीवर दोन रुग्णांना वेगवेगळा उपचार मिळतो तो यामुळे.

हे सगळे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे असे समजू नये. ॲक्युपंक्चरमध्ये, म्हणजे बिंदूंवर बारीक सुया टोचण्याच्या उपचारात, सुई टोचल्याने शरीरात एंडॉर्फिनसारखी वेदनाशामक द्रव्ये स्रवतात याचा पुरावा आहे. पण ठरलेल्या बिंदूंचे वेगळेपण तितके ठाम सिद्ध झालेले नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जर्मन चाचणीत जुनाट कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले होते. सहा महिन्यांनी खऱ्या ॲक्युपंक्चरच्या गटात ४७.६ टक्के, बिंदू सोडून वरवर सुया टोचलेल्या गटात ४४.२ टक्के आणि औषधे व व्यायामाच्या नेहमीच्या उपचाराच्या गटात २७.४ टक्के रुग्णांना फायदा झाला. म्हणजे सुयांनी नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त आराम मिळाला, परंतु नेमक्या बिंदूने फारसा फरक पडला नाही. माझ्या मते घरी दाब देणाऱ्याने यातून धीर घ्यावा: बिंदू तसूभर चुकला म्हणून उपचार वाया जात नाही.

अवघडलेली मान

झोपेत मान वाकडी राहून सकाळी ती एका बाजूला वळेनाशी होते, त्या तक्रारीला चिनी वैद्यकात ‘लुओझेन’ म्हणतात आणि त्याच नावाचा एक बिंदू हाताच्या पाठीवर आहे. दुखरी मान न चोळता हातावर दाब द्यायचा आणि दाब चालू असतानाच मान हलवायची, ही या उपचाराची खुबी आहे. मान धरली असताना तिथेच रगडले तर स्नायू आणखी आवळतो. दूरच्या बिंदूवर दाब दिल्यास रुग्णाला मान हलवण्याचे धैर्य येते आणि त्या हालचालीनेच ती सुटू लागते.

हाताची मूठ सैल मिटावी. तर्जनी आणि मधले बोट यांच्या मुळाशी जी दोन हाडे उंच येतात, त्यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या हाताचे बोट ठेवून मनगटाच्या दिशेने अर्ध्या अंगठ्याच्या रुंदीएवढे मागे सरकावे. तिथे दोन हाडांच्या मधोमध एक खळगा लागतो. दोन्ही हातांवरचे हे खळगे दाबून पाहावेत आणि जिथे जास्त दुखते तो हात निवडावा. अंगठ्याच्या टोकाने दाब हळूहळू वाढवत न्यावा; सहन होईल पण दुर्लक्ष करता येणार नाही, इतका तो हवा. दाब कायम ठेवून मान प्रथम न दुखणाऱ्या बाजूला, मग हनुवटी छातीकडे आणि शेवटी दुखऱ्या बाजूला अगदी थोडी वळवावी. श्वास सोडताना वळवावे, घेताना मध्यावर यावे. दोन-तीन मिनिटांनी थांबून, थोड्या वेळाने पुन्हा करावे.

याच्या जोडीला ‘होउशी’ हा बिंदू घ्यावा. मूठ मिटल्यावर करंगळीच्या बाजूला तळहाताच्या मुख्य रेषेचे टोक जिथे संपते, तिथे, करंगळीच्या मुळाच्या सांध्यामागे तो असतो. मान पुढे-मागे करताना दुखत असेल तर हा जास्त उपयोगी मानतात. मान थोडी सैल झाल्यानंतरच ‘फेंगची’ला हात लावावा. कवटीच्या खालच्या कडेला, मानेच्या मागच्या जाड स्नायूच्या बाहेरच्या अंगाला दोन्हीकडे जे खळगे असतात ते हे बिंदू. दोन्ही अंगठे त्यांत ठेवून डोक्याचा भार अंगठ्यांवर येऊ द्यावा, म्हणजे वेगळा जोर लावावा लागत नाही. खांद्याच्या माथ्यावरचा ‘जिआनजिंग’ हा बिंदू ताणाने उचललेल्या खांद्यांना फार आराम देतो, परंतु गरोदर स्त्रीला तो दाबू नये. अंगठा व तर्जनीच्या मधल्या मांसल भागातील ‘हेगू’लाही परंपरेने हीच मनाई आहे.

दाबानंतर गरम पाण्यात पिळलेला टॉवेल पंधरा मिनिटे मानेवर ठेवावा आणि दिवसभर मान हलती ठेवावी. कडकन आवाज येईल अशा रीतीने कोणाकडूनही, केशकर्तनालयातील कसबी माणसाकडूनसुद्धा, मान मोडून घेऊ नये. मानेतील धमनीचा आतला थर त्याने फाटू शकतो आणि पक्षाघात होऊ शकतो. साधी अवघडलेली मान दोन-चार दिवसांत सुटते. ती आठवडाभर टिकली, किंवा हातात मुंग्या व कमजोरी आली, तर मज्जातंतूवर दाब आहे का हे तपासून घ्यावे.

ग्वाशा, म्हणजे गुळगुळीत कडेने त्वचा घासणे, हाही मानेसाठी घरोघरी चालणारा चिनी उपाय आहे. तेल लावून, चिनी मातीच्या चमच्याच्या जाड काठाने, मानेपासून खांद्याकडे एकाच दिशेने घासतात. त्वचेवर उमटणारे लालसर ठिपके चार-पाच दिवसांत जातात. मणक्याच्या हाडावर, पुरळावर किंवा तिळावर घासू नये, आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्याने हा उपाय टाळावा.

रात्री पोटरीत येणारा गोळा

गोळा आला त्या क्षणी पोटरी दाबण्याआधी पावलाची बोटे गुडघ्याकडे ओढून धरावीत. ताणला गेल्यावर स्नायूचा पेटका सुटतो. त्यानंतर ‘चेंगशान’ दाबावा. टाच उचलून चवड्यावर उभे राहिले की पोटरीचा फुगीर भाग जिथे संपतो तिथे उलट्या व्ही आकाराचा खळगा दिसतो, तोच हा बिंदू. दिवसा तो एकदा शोधून ठेवावा, म्हणजे रात्री अंधारात चाचपडावे लागत नाही. दुसरा बिंदू ‘यांगलिंगचुआन’. गुडघ्याखाली बाहेरच्या अंगाला जे लहान गोल हाड हाताला लागते, त्याच्या किंचित पुढे व खाली. कंडरा व स्नायूंच्या सगळ्या तक्रारींत हा प्रमुख बिंदू मानला जातो. वारंवार गोळे येणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून, टाच जमिनीवर ठेवून पोटरी ताणण्याची सवय लावावी. पंचावन्न वर्षांवरील व्यक्तींवर नेदरलँड्समध्ये झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहा आठवड्यांच्या अशा ताणण्याने गोळ्यांचे प्रमाण व तीव्रता कमी झाली.

या तक्रारीवर चिनी वैद्यकात एक प्राचीन काढा आहे. तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग यांनी पाय आखडण्यावर पांढऱ्या पिओनी या फुलझाडाचे मूळ आणि ज्येष्ठमध समभाग घेऊन उकळायला सांगितले. दोनच द्रव्यांचे हे औषध ‘शाओयाओ गानचाओ तांग’ या नावाने ओळखले जाते आणि जपानमध्ये डॉक्टर आजही पेटक्यांवर, विशेषतः यकृताचा सिरोसिस किंवा डायलिसिस असलेल्या रुग्णांच्या पेटक्यांवर, ते लिहून देतात. त्यातील ज्येष्ठमध आपल्या घरात असतोच, त्यामुळे हे औषध निरुपद्रवी वाटण्याचा मोह होतो. तसे ते नाही. ज्येष्ठमधातील ग्लिसिरायझिन शरीरात मीठ व पाणी साठवते आणि पोटॅशियम बाहेर टाकते. अधिक दिवस घेतल्यास रक्तदाब चढतो, पाय सुजतात, आणि पोटॅशियम फार उतरले की स्नायू दुर्बळ होतात व हृदयाचे ठोके बिघडतात. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्याने, लघवी वाढवणारी गोळी किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्याने हा काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. लघवीच्या गोळीने पेटके येतात म्हणून ज्येष्ठमध सुरू करायचा आणि दोन्ही मिळून पोटॅशियम खाली आणायचे, हा प्रकार प्रत्यक्षात घडू शकतो.

कंबरेच्या उसणीत गुडघ्याच्या मागच्या घडीतील मधला बिंदू, ‘वेइझोंग’, हलक्या दाबाने धरतात. पहिल्या एक-दोन दिवसांत एवढे पुरते. पूर्ण अंथरूण धरणे मात्र टाळावे.

शेक, कपिंग आणि सुया

थंडी-ओलाव्याच्या दुखण्यावर मॉक्सा हा खास चिनी शेक आहे. आपल्याकडच्या दवण्याच्याच प्रजातीतील एका वनस्पतीच्या वाळलेल्या पानांचा कापूस करून त्याची कांडी वळतात, ती पेटवतात आणि जळते टोक त्वचेपासून दोन ते तीन सेंटिमीटर अंतरावर धरतात. त्वचा गुलाबी होऊन ऊब आत शिरल्यासारखी वाटली की पुरे. दहा-पंधरा मिनिटांहून जास्त वेळ लागत नाही. ज्यांच्या पायांची संवेदना मधुमेहाने कमी झाली आहे त्यांना भाजल्याचे कळत नाही, म्हणून त्यांना हा शेक देऊ नये. दमेकऱ्याच्या खोलीतही धूर करू नये.

कपिंगमध्ये पेल्यात निर्वात पोकळी करून त्वचा ओढली जाते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर जे गोल डाग दिसले ते याचेच होते. डाग म्हणजे त्वचेखाली सांडलेले रक्त. डाग जितका काळा तितका दोष जास्त बाहेर पडला, ही समजूत बाजूला ठेवावी.

ॲक्युपंक्चरसाठी माणूस निवडताना आग्रही राहावे. जपानविरुद्धच्या युद्धात चीनच्या मदतीला १९३८ मध्ये गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच पथकातील डॉ. बी. के. बसू पुढे चीनमध्ये ॲक्युपंक्चर शिकले आणि भारतात या उपचाराचा पाया त्यांनी घातला. महाराष्ट्राने २०१५ च्या अधिनियमाने ॲक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा केला असून त्याखालील परिषदेकडे उपचारकाची नोंदणी होते. तेव्हा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच बाळगू नये. सुया निर्जंतुक, एकदाच वापरायच्या आणि आपल्यासमोर पाकीट फोडलेल्या असाव्यात. साधारण वीस ते तीस मिनिटे त्या ठेवतात. टोचल्यावर जडपणा किंवा झिणझिण्या जाणवणे अपेक्षित असते, विजेसारखी सणक आल्यास मात्र लगेच सांगावे. खांद्याच्या माथ्यावर व पाठीच्या वरच्या भागात सुई खोल गेल्यास फुप्फुसाला छिद्र पडू शकते. असे क्वचित घडते, पण उपचारानंतर काही तासांत छातीत दुखून दम लागला तर वाट न पाहता रुग्णालयात जावे. पेसमेकर असलेल्याने सुयांना वीज जोडणारा प्रकार नाकारावा. चार ते सहा वेळा जाऊनही काडीचा फरक पडला नसेल, तर पुढची बैठक घेण्यापेक्षा निदानाचा फेरविचार करवून घ्यावा.

काढे आणि गोळ्या

मान व पाठ ताठ होऊन सर्दी-थंडी वाजण्यावर झांग झोंगजिंग यांचाच ‘गेगेन तांग’ हा सात द्रव्यांचा काढा आहे: विदारीकंदाच्या प्रजातीतील कुडझूचे मूळ, माहुआंग, दालचिनी, पिओनी, ज्येष्ठमध, आले आणि चिनी बोर. जपानमध्ये तो सर्दीच्या सुरुवातीला औषधांच्या दुकानातून सहज घेतला जातो. पण माहुआंग म्हणजे इफेड्रा. त्यातील इफेड्रिनने रक्तदाब व हृदयाची गती वाढते, आणि अमेरिकेने २००४ मध्ये इफेड्रायुक्त पूरक गोळ्यांवर बंदी घातली. खेळाडूंच्या उत्तेजक चाचणीतही ते सापडते.

संधी जखडण्यावरच्या काही योगांत ‘फांगजी’ हे मूळ असते. नावातील सारखेपणामुळे त्याच्या जागी ॲरिस्टोलोकिया जातीची मुळी गेली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. काहींना पुढे मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. थंडीच्या दुखण्यावर वापरले जाणारे ‘चुआनवू’ हे आपल्या बचनागाचे भावंड आहे. त्याची शुद्धी अपुरी राहिली तर ओठ-जीभ बधिर होऊन हृदयाची लय बिघडते. ‘दांगग्वेइ’ व ‘दानशेन’ ही रक्त हलवणारी औषधे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम वाढवतात. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: दाब, शेक आणि व्यायाम घरी करावा, वनौषधी मात्र ओळखीच्या माणसाने परदेशातून आणली किंवा ऑनलाइन मिळाली म्हणून सुरू करू नये. प्रशिक्षित वैद्याने, चालू औषधांची यादी पाहून, द्रव्यांची नावे लिहून दिली तरच ती घ्यावी.

कंपवाताचा ताठरपणा

मेंदूच्या मध्यभागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी झाल्याने हा ताठरपणा येतो आणि त्यावर मुख्य औषध लेव्होडोपा हेच आहे. चिनी किंवा अन्य कोणत्याही उपचारासाठी ते अचानक थांबवू नये. तसे केल्यास तीव्र ताप व ताठरपणाची प्राणघातक अवस्था ओढवू शकते. खाजकुइलीच्या बियांत नैसर्गिक लेव्होडोपा असते, ही माहिती मराठी घरांत पुष्कळांना असते. गोळीच्या जोडीला ते चूर्ण परस्पर घेतल्यास एकूण मात्रा किती झाली हे कोणालाच कळत नाही. ॲक्युपंक्चरने या रुग्णांचे दुखणे हलके होऊ शकते, पण मूळ आजार थांबतो असा पुरावा नाही.

चिनी परंपरेतून कंपवाताच्या रुग्णाने घ्यावे असे सर्वांत खात्रीचे काही असेल तर ते ताई ची, म्हणजे सावकाश, सलग हालचालींचा चिनी व्यायाम. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १९५ रुग्णांपैकी काहींनी आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे ताई ची केले, इतरांनी वजनांचे किंवा ताणण्याचे व्यायाम केले. ताई ची करणाऱ्यांचा तोल दोन्ही गटांपेक्षा सुधारला आणि ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ते कमी वेळा पडले.

घरी सुरुवात करताना भक्कम खुर्चीच्या पाठीमागे, पाय खांद्याएवढे अंतर ठेवून उभे राहावे आणि बोटांचा हलका आधार घ्यावा. गुडघे किंचित वाकवून शरीराचा भार सावकाश उजव्या पायावर न्यावा; डावी टाच आपोआप हलकी होऊ द्यावी, मग तोच भार डावीकडे आणावा. काही दिवसांनी भार हलका झालेला पाय पुढे टाकावा, टाच आधी टेकवावी आणि मगच वजन पुढे सरकवावे. कंपवातात पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात ते नेमके या टप्प्यावर, त्यामुळे हाच भाग पुन्हा पुन्हा, घाई न करता करावा. गोळीचा असर चालू असतानाची वेळ निवडावी, घरातील कोणीतरी एक पाऊल मागे, आजाराने जास्त ताठ असलेल्या बाजूला उभे असावे, आणि फरशीवरील पायपुसणे त्याआधी उचलून ठेवावे.